हत्यार बदललं तरी पान राहू दे

पोरी, तू राजापेठेत खोली घेऊन शिकायला आलीस आणि आल्या आल्या बाबांच्या संत्र्याच्या नर्सरीचं वेब पान करायचं मनावर घेतलंस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. शेंदुरजनाघाटची कलमं न्यायला लोक लांबून येतात, आणि बाबांचा अर्धा दिवस फोन घेण्यात जातो. ‘भाऊ, जंभेरीवरचे कलमं हायेत का?’ एवढंच त्यातल्या कित्येकांना विचारायचं असतं. तेवढं जरी पानानं सांगितलं तरी घराचं मोठं काम झालं.

परवा दुकानात येऊन तू विचारलंस, ‘आत्या, सुरुवात कुठल्या सॉफ्टवेअरनं करू?’ समोर लग्नपत्रिकेवाले बसले होते, म्हणून तेव्हा नीट बोलता आलं नाही. आता सावकाश लिहिते. एका बैठकीत वाचू नको, एका दिवसात तर सगळं करूच नको. चौदावा मुद्दा मात्र दोनदा वाच.

१. संगणक उघडायच्या आधी वही उघड आणि काय सांगायचं ते पेनानं लिहून काढ — मजकूर समोर असला की हत्यार केवढं लागेल ते कळतं, आणि बहुतेक वेळा लहानच पुरतं.

२. वहीत आधी पाच गोष्टी येऊ दे: जात कोणती, खुंट कोणता, आज शिल्लक किती, भाव कोणत्या तारखेचा, आणि यायचं कसं — पाहणारा शेतकरी बांधावर उभा असतो, नर्सरीचा इतिहास तो घरी गेल्यावर वाचेल. डोळा जंभेरीवर भरला की रंगपूर लाईमवर, हे पहिल्या दोन ओळींत सांग. जमीन पाहून खुंट निवडणारा माणूस आधी तेच शोधतो. नर्सरीच्या परवान्याचा क्रमांकही तिथंच दे.

३. एकच पान कर. ‘आमच्याविषयी’, ‘दालन’, ‘बातम्या’ असे कप्पे आत्ता नकोत — कलम एका डोळ्याचं, पान एका कामाचं.

४. लिहायला साधा मजकूर ठेवणारा एडिटर घे. तुझा लॅपटॉप जुना आणि रॅम कमी असेल तर नोटपॅड प्लस प्लस, बऱ्यापैकी असेल तर व्हीएस कोड — दोन्ही फुकट आहेत, दोन्ही टॅगना रंग देतात, आणि उघडा राहिलेला टॅग त्या रंगामुळे लवकर नजरेत भरतो. यांतलं कोणतं चांगलं यावर मैत्रिणींशी वाद घालत बसू नको.

५. वर्डमध्ये पान लिहू नको — ते अवतरणचिन्हं आपल्या मनानं वाकडी करून ठेवतं, आणि ब्राउझरला कोडमध्ये सरळ चिन्हंच लागतात.

६. आता या सगळ्यांचं मूळ सांगते. एडिटर येतात नि जातात. अडोबीचा ब्रॅकेट्स वेब शिकणाऱ्या मुलांचा लाडका होता. २०२१ मध्ये अडोबीनं त्याच्यावरचं काम थांबवलं. गिटहबचा ॲटम २०२२ च्या डिसेंबरात बंद झाला. त्याआधी मायक्रोसॉफ्टचा फ्रंटपेज होता, त्यावर तर किती क्लासवाल्यांचे कोर्स चालायचे, तोही गेला. पण ब्रॅकेट्समध्ये किंवा ॲटममध्ये लिहिलेली एचटीएमएलची फाईल आजही कुठल्याही एडिटरात उघडते, कारण ती नुसता मजकूर आहे. तेव्हा हत्यार निवडताना पहिला प्रश्न हाच विचार: हे उद्या बंद पडलं तर माझं पान माझ्या हातात राहील का? ‘हो’ असेल तर बिनधास्त घे. ‘नाही’ असेल तर ते कितीही देखणं असो, पहिल्या पानासाठी घेऊ नको.

७. माऊसनं ओढून पान बनवून देणारी संकेतस्थळं वाईट नाहीत, पण खातं उघडायच्या आधी तिथं ‘एक्सपोर्ट’ शोध — कित्येक ठिकाणी पान बनवता येतं, बाहेर मात्र काढता येत नाही. गूगल छोट्या दुकानदारांना व्यवसायाच्या नोंदीबरोबर फुकट वेबसाइट करून द्यायचं. मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद केल्या. ज्यांचा मजकूर नि फोटो वेगळे जपलेले होते, त्यांचं काम दुसरीकडे लगेच सुरू झालं.

८. फुकट जागा घे, पण तिच्या भरवशावर राहू नको — फुकटच्या खोलीची किल्ली मालकाकडे. याहूनं १९९९ मध्ये विकत घेतलेलं जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं, तेव्हा जगभरच्या हौशी लोकांची पानं एका झटक्यात उठली.

९. वर्डप्रेस चांगलं आहे, २००३ पासून टिकलंय, त्यातून मजकूर बाहेरही काढता येतो. पण एका पानासाठी ते नको — त्याच्यामागे डेटाबेस असतो, त्याला वरचेवर अद्ययावत करावं लागतं, आणि नाही केलं तर कुणीतरी आत घुसतं. नर्सरीला उद्या रोज नवं काही सांगावंसं वाटलं, तर तेव्हा बघू.

१०. हातानं एचटीएमएल लिही. शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र, तक्ता एवढे टॅग आले की नर्सरीचं पान होतं — फाईल जतन कर, तिच्यावर दोनदा क्लिक कर, ब्राउझरात दिसली की झालं. मध्ये काहीच नाही. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडच्या सर्न संस्थेत जे पहिलं संकेतस्थळ केलं, त्याचं पान आजच्या मोबाईलवरही उघडतं. आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं हे सगळं तंत्र लोकांना मोकळं करून दिलं, म्हणून तुला नि मला पान लिहायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. कुणी ‘पान करायचं लायसन्स’ विकायला आला तर हे त्याला सांग.

११. आधी एचटीएमएल, मग सीएसएस, आणि जावास्क्रिप्ट या पानाला लागतच नाही — उड्या मारणारी संत्री तुला आवडतील हे मला ठाऊक आहे, पण वरुडच्या रस्त्यावर रेंज एका काडीवर असते.

१२. अडलं की एमडीएन हे संकेतस्थळ उघड — तिथं प्रत्येक टॅगचं नीट, ताजं वर्णन आहे. व्हिडिओ बघत शिकायचं तर बघ, पण हात कीबोर्डवर ठेवून.

१३. एआयकडून पान लिहून घेता येतं आणि तू घेशीलच. आधी एक मोडकं तोडकं पान स्वतः लिही, मग त्याला चुका विचार — आपल्याला वाचता येत नाही तो कोड आपल्याला दुरुस्तही करता येत नाही, आणि भाव तर दर मोसमात बदलणार आहे.

इथवरचं कुणीही सांगेल. यापुढचं मराठी पानाचं आहे, आणि ते मी टाईपसेटिंगच्या धंद्यातली म्हणून जरा जोर देऊन सांगते.

१४. मजकूर युनिकोडमध्येच टाईप कर. आमच्याकडे पत्रिका, हँडबिलं अजूनही कृतीदेव किंवा श्रीलिपीत बसतात आणि छपाईला ते उत्तम चालतं. पण कृतीदेवमध्ये ‘मराठी’ टाईप केलं की फाईलच्या पोटात मराठी नसते. तिथं ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट त्यांना म, र, काना, ठ आणि वेलांटी असं रूप देतो. ज्याच्या मोबाईलमध्ये तो फॉन्ट नाही त्याला ती पाच इंग्रजी अक्षरंच दिसणार, आणि गूगललाही तेवढंच दिसणार. ‘संत्रा कलम’ शोधणाऱ्याला तुझं पान मग जन्मात सापडायचं नाही. मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर तुला माहीत आहे, लीळाचरित्राचं गाव. महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत उतरवल्या. ज्याच्याकडे किल्ली नव्हती त्याच्यासाठी ती मराठी शतकानुशतकं बंद राहिली. त्यांनी ते समजून उमजून, पोथ्या जपण्यासाठी केलं. आपलं पान तर सगळ्यांनी वाचावं म्हणून आहे. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषेचं विद्यापीठ झालंय, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी संस्थांचा जुना मजकूर अजून या फॉन्टांत अडकून पडलाय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१५. बाबांचं जुनं माहितीपत्रक कृतीदेवमध्ये असेल तर ते युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात. बदलून झालं की मोठ्यानं वाच — रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात.

१६. फाईल यूटीएफ-८ मध्ये जतन कर आणि पानाच्या डोक्यातच ‘मेटा कॅरसेट’ची ओळ टाक — ब्राउझर ती पहिल्या १,०२४ बाइटांत शोधतो. देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटांचं असतं. ही ओळ नसली की एखादा ब्राउझर ते तीन तुकडे वेगवेगळे वाचतो आणि पानभर डोक्यावर तिरकी रेघ असलेले इंग्रजी ए दिसायला लागतात. तसे ए दिसले तर घाबरू नको, मजकूर शाबूत असतो.

१७. पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिही, हिंदीच्या नमुन्यावरून उचललेली ‘एचआय’ तशीच ठेवू नको — ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श दिलेले असतात, ते ही खूण पाहूनच बाहेर येतात. शिवाय अंधांसाठी पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर कोणत्या भाषेत वाचायचं ते यावरूनच ठरवतं.

१८. फॉन्ट एकच घे. मुंबईच्या एक टाईपचा मुक्ता, किंवा नोटो सॅन्स देवनागरी, किंवा तिरो देवनागरी मराठी. तिन्ही मोकळ्या परवान्याचे आहेत. निवडताना ‘शेतकऱ्यांसाठी शिल्लक कलमं’ एवढे शब्द त्यात लावून बघ — त्यात ऱ्य आहे, ल आहे, श आहे, आणि कच्चा फॉन्ट तिथंच उघडा पडतो. वाहवत गेलीस तर फॉन्टची पाच वजनं उतरवशील. साधं आणि ठळक, बस.

१९. दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोड, अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडी अधिक — आपल्याकडे वर मात्रा नि रफार, खाली उकार नि जोडाक्षरं असतात. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवू नको, शिरोरेघ तुटते.

२०. मराठी तिरपी करू नको — जोर द्यायचा तर ठळक कर. तिरकी देवनागरी ब्राउझर नुसती ढकलून तयार करतो आणि ती तशीच दिसते.

२१. टायपिंगला इनस्क्रिप्ट शिकलीस तर जन्माचं कामाला येईल. तेवढा धीर नसेल तर विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळफलक आहे, मोबाईलवर जीबोर्ड आहे — तिन्हीतून निघतं ते युनिकोडच.

२२. आमच्या दुकानातलं हँडबिल जेपीजी करून पानावर चिकटवू नको. मला धंदा मिळेल, पण तुझं पान मुकं होईल — चित्रातला मजकूर शोधता येत नाही, नक्कल करता येत नाही, मोबाईलवर मोठा केला तर फाटतो, आणि भाव बदलला की आख्खं चित्र पुन्हा करावं लागतं.

२३. ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ विसरू नको — ती नसली की मोबाईल पानाला सुमारे ९८० पिक्सेल रुंद समजतो नि सगळं मुंगीएवढं करून दाखवतो. तुझे वाचक सगळे मोबाईलवर आहेत, हे मनात पक्कं ठेव.

२४. मैत्रिणीकडे लॅपटॉप नसेल तर तिला अँड्रॉइडवर एकोड किंवा स्पॅक एडिटर घ्यायला सांग — फाईल तीच, पान तेच, फक्त बोटं थोडी दुखतात. लॅपटॉप नाही म्हणून कुणी थांबू नये.

२५. मोबाईलचा फोटो जसाच्या तसा टाकू नको. आधी १,२०० पिक्सेल रुंदीवर आण. स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरातच हे करून देतं — मूळ फोटो चार-पाच एमबीचा असतो, आणि तेवढा उतरेपर्यंत शेतकरी फोन खिशात घालतो.

२६. फोटोत ठिकाण नोंदलेलं असतं, ते काढून टाक — नर्सरीचं ठिकाण लोकांना सांगायचंच आहे, घराच्या अंगणाचं नाही.

२७. प्रत्येक फोटोखाली काय आहे ते लिही आणि ‘ऑल्ट’मध्येही लिही, ‘फोटो एक’ असं नको. ‘जंभेरीवर डोळा भरलेलं नागपुरी संत्र्याचं कलम’ असं लिहिलंस की फोटो उघडला नाही तरी माहिती पोचते.

२८. बाबांचा नंबर ‘टेल’च्या दुव्यानं दे — बोट लावलं की फोन लागला पाहिजे, नंबर पाठ करून डायल करायला लावू नको. माहिती भरून घेणारा फॉर्म ठेवू नको. लोकांचे नंबर गोळा केले की ते सांभाळायची जबाबदारीही आली.

२९. दोन ओळी लिहिल्या की जतन कर, किंवा एडिटरात आपोआप जतन होण्याची सोय चालू कर — लाईन कधी जाईल ते इथं कुणी सांगत नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी तर नावालाच असते.

३०. फाईलची नावं इंग्रजी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेव, आणि मुख्य फाईलचं नाव ‘इंडेक्स’ — विंडोजला लहान-मोठ्या लिपीतला फरक कळत नाही, सर्व्हरला बहुतेक कळतो. घरी दिसणारा फोटो इंटरनेटवर गायब झाला तर आधी नावातलं मोठं अक्षर शोध.

३१. फोटोचा पत्ता ‘सी ड्राइव्ह’पासून लिहू नको, पान आणि फोटो एकाच फोल्डरात ठेवून नुसतं नाव दे — तुझा सी ड्राइव्ह तुझ्या खोलीत आहे, शेतकऱ्याच्या मोबाईलमध्ये नाही.

३२. आख्ख्या फोल्डरची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक गूगल ड्राइव्हवर असू दे. ‘फायनल’, ‘फायनल नवं’, ‘फायनल खरंच’ अशी फोल्डरं साठायला लागली की गिट शिकायची वेळ झाली असं समज — लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते याचसाठी केलं, कधी काय बदललं ते लक्षात ठेवायला.

३३. टाकायच्या आधी डब्ल्यूथ्रीसीच्या व्हॅलिडेटरातून पान काढ — ब्राउझर चुका पोटात घालतो, व्हॅलिडेटर ओळ नंबरासकट सांगतो.

३४. ठेवायला गिटहब पेजेस घे, किंवा नेटलिफायवर फोल्डर ओढून सोड. दोन्हीकडे फुकट, कुलपाच्या खुणेसह — आणि दोन्हीकडून उचलून तिसरीकडे न्यायला फोल्डर तुझ्याकडे आहेच. गिटहबवर मात्र फुकटच्या खात्यात फाईली सगळ्यांना दिसतात, म्हणून त्यात पासवर्ड, घरचे कागद काही टाकू नको.

३५. पुढेमागे पानासाठी स्वतःचं डोमेन नाव घेतलंत तर ते बाबांच्या किंवा तुझ्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाईलवर घ्या. करून देणारा कितीही ओळखीचा असो, त्याच्या नावावर नको — तो पुण्याला नोकरीला गेला की नूतनीकरणाचा निरोपही त्याच्याकडेच जातो आणि नर्सरीचं नाव सुटतं. हे एवढं एकच काम पैशाचं आहे, म्हणून इथं घाई करू नको. आधी फुकटच्या पत्त्यावर एक मोसम जाऊ दे.

३६. पहिलं नाव ‘डॉट इन’ घे. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं, मला ते मनापासून आवडतं, पण ते जोडीला ठेव — काही ठिकाणी चिकटवलं की त्याच्या जागी ‘एक्सएन’पासून सुरू होणारी इंग्रजी अक्षरं दिसतात आणि माणूस फसवणूक समजून उघडत नाही.

३७. ज्या ईमेलवर हे सगळं उघडलंस त्याला दुहेरी कुलूप लाव — ते एक गेलं की बाकी सगळ्याच्या किल्ल्या गेल्या.

३८. झालेलं पान कॉलेजातल्या पोरींना दाखवायच्या आधी, कलम घ्यायला आलेल्या एखाद्या शेतकऱ्याच्या हातात त्याच्याच मोबाईलवर दे आणि ‘भाव कुठं लिहिलाय?’ एवढंच विचार. मग गप्प बस, बोट दाखवू नको — तो जिथं अडेल तिथं दुरुस्ती आहे, आणि ती कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही.

३९. भावाशेजारी तारीख लिही आणि बदललास की दोन्ही बदल — जुन्या भावावरून दारात भांडण झालं तर ते बाबांना निस्तरावं लागेल. सध्या कलमं संपली असतील तर ‘संपली’ असंही लिही. दोनशे किलोमीटरवरून गाडी घेऊन आलेला माणूस रिकामा परत जाऊ नये.

४०. लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते, म्हणजे विचारणा मे महिन्यातच वाढते. एप्रिल संपायच्या आत पान वर टाक, मग नटवत बस. लिंक आधी बाबांना पाठव, नंतर मला. आणि रविवारी दुकान बंद असतं तेव्हा लॅपटॉप घेऊन ये, तो रफार कुठं घसरलाय ते दोघी मिळून पाहू.